कळमन्यावरून गेलेली एक गाडी

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी शहर मागे टाकते न टाकते तोच कळमना लागते. आज हे नाव विदर्भात धान्याच्या व फळांच्या मोठ्या बाजारासाठी सर्वांस ठाऊक आहे. १८९३ साली या लोहमार्गाने एक मराठी कवी राजनांदगावास चालला होता. त्याचे नाव नारायण वामन टिळक. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्याने संस्कृत ग्रंथांचे काम केले होते.

डब्यात एक युरोपीय गृहस्थ होता. संस्कृत काव्यावर बोलणे निघाले आणि निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, हे त्याचे भाकीत. त्या गृहस्थाचे नाव टिळकांस पुढेही कळले नाही.

पुस्तक चाळता चाळता टिळक मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. तेथे खुनाबरोबर मनातला क्रोधही अपराध ठरविला आहे आणि व्यभिचाराबरोबर नजरेतली वासनाही. षड्रिपूंची ओळख असलेल्या मराठी मनास ही भाषा परकी नव्हती. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक पुढे म्हणत.

परंतु पटणे निराळे आणि उघडपणे सांगणे निराळे. टिळकांचा ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार प्रथम टोपणनावाने चालला. विद्वान ब्राह्मण, पत्नी, लहान मूल, आप्तेष्ट. या साऱ्यांपुढे कोणत्या तोंडाने उभे राहावयाचे? ही लाज जिंकावयास सुमारे दोन वर्षे लागली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. टिळकांनी लाज टाकली. ती उचलावी लागली लक्ष्मीबाईंस. निर्णय पतीचा आणि लोकांच्या नजरा मात्र पत्नीवर! पराकाष्ठेच्या सोवळ्यात वाढलेल्या या बाईने ताटातुटीची काही वर्षे माहेरच्या माणसांच्या आधाराने काढली. पुढे ती पतीकडे आली, ती आपले सोवळे सांभाळूनच. राहुरीस असताना तिच्या मनाने कौल दिला की, जातिभेद देवाने केलेला नसून मनुष्याने केलेला आहे. आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा तिने निश्चय केला. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला, तो स्वतःच्या विचाराने.

बाप्तिस्म्याने टिळकांचा स्वभाव एका दिवसात पालटला, असेही कोणी समजू नये. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांचा शीघ्रकोप दिसतो आणि हाती आलेला पैसा हातोहात उडविणारा लहरीपणाही दिसतो. तिने काहीच झाकलेले नाही. मनातला शत्रू दीक्षेच्या पाण्याने वाहून जात नाही. त्याच्याशी रोज झुंजावे लागते. ‘अभंगांजली’तील टिळकांचे अभंग ही त्या झुंजीची साक्ष होय. १९१७ साली त्यांनी मिशनची वेतनाची नोकरीही सोडली आणि संन्याशाच्या वृत्तीने ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. मानाचा आणि सुरक्षिततेचा मोह हाही मोहच होता.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या श्रद्धेपायी एकदा त्यांचा संसार मोडला होता, तिच्याच काव्यास त्यांनी आपला हात लावला.

लोकलज्जा बाहेरून येते, मोह आतून उठतो. टिळकांच्या श्रद्धेने त्यांस पहिलीपुढे ताठ उभे राहावयास शिकविले आणि दुसऱ्यापुढे सावध राहावयास. पहिल्या धड्यास दोन वर्षे पुरली. दुसरा जन्मभर चालला.