एचआयव्ही : बी पेशी जागच्या जागी का थकतात?

एचआयव्ही म्हटलं की शाळेतलं एकच वाक्य आठवतं, 'रोगप्रतिकारशक्ती कमी होते'. खरा इतिहास त्याहून गुंतागुंतीचा आहे.

१९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हा विषाणू सापडला. त्याच वर्षी अमेरिकेत बेथेस्डा इथे क्लिफर्ड लेन, अँथनी फाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एड्सच्या रुग्णांच्या बी पेशी तपासल्या. बी पेशी म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी. त्या थंड पडल्या असतील असंच कुणालाही वाटेल. निघालं उलटंच! कुणी न सांगता त्या भरमसाट अँटीबॉडी सोडत होत्या, पण नव्याने चेतवल्या तर प्रतिसाद मंद.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला लगेच सर्व्हर आठवला. फालतू रिक्वेस्टचा मारा झाला की सीपीयू १०० टक्क्यांवर जातो आणि खऱ्या युजरला उत्तरच मिळत नाही.

असं का होतं? एचआयव्ही मुख्यतः सीडी४ टी पेशी मारतो. नेमकी अँटीबॉडी कशी बनवायची, यात बी पेशींना मदत करतात त्याच. मदतनीस गेले, आणि विषाणूने पेटवलेली सूज मात्र चालूच. २००८ मध्ये सुझन मॉयर यांच्या गटाने अशा थकलेल्या स्मृती बी पेशींचे पुरावे मांडले. परिणाम? लसींचा असर कमी पडतो, न्यूमोकोकससारखे जिवाणू डाव साधतात.

तरी याच अँटीबॉडींनी एक मोठं काम केलं. १९८५ मध्ये आलेली एलायझा चाचणी त्यांनाच शोधते. १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या) आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने तपासायचं काम हाती घेतलं, आणि भारतातला एचआयव्ही पहिल्यांदा उघड झाला. विषाणूला रोखू न शकलेल्या अँटीबॉडींनी त्याचा पत्ता मात्र दिला.

आज औषधं लवकर सुरू केली तर विषाणू दबतो आणि बी पेशी बऱ्याच सावरतात. उशीर झाला तर स्मृती पेशींचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. म्हणून शंका असेल तर लाजू नका. सरकारी आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत आणि गोपनीय असते. फक्त एक लक्षात ठेवा, अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्यामुळे पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!