मालक गेला, काम राहिले : मोझिलाची हकीकत

कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या इतिहासावर बोलावे याचे पुष्कळांना नवल वाटेल. आम्हांलाही आधी वाटले होते. आमचे शिक्षण शाळेत अर्धवट राहिले; पुढचे नगर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत जमेल तसे झाले. आज्ञावली लिहिण्याची विद्या काही आम्हांला येत नाही. पण केलेल्या कामाची मालकी कोणाची, हा प्रश्न आम्ही तीस वर्षे चघळत आलो आहोत, आणि त्या प्रश्नाची एक चमत्कारिक कसोटी १९९८ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू या गावी लागली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

ज्या साधनातून आपण संगणकावर किंवा फोनवर बातमी वाचतो, रेल्वेचे तिकीट काढतो, ते साधन म्हणजे ब्राउझर. त्याला 'न्याहाळक' असा मराठी शब्द काहींनी योजला आहे. शब्द वाईट नाही, पण तो कोणाच्या तोंडी बसलेला आम्ही अजून ऐकला नाही. असा पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनेव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत लिहिला, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सारे काम जगाला मोकळे करून दिले. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन, एरिक बिना आदी तरुणांनी 'मोझेक' हा ब्राउझर केला. पुढच्या वर्षी अँड्रीसन व त्यांचे काही सोबती नेटस्केप या नव्या कंपनीत गेले. ९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केपचा २८ डॉलरचा शेअर बाजारात आला आणि संध्याकाळी ५८ डॉलरच्या वर बंद झाला. मात्र त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर काढला व पुढे तो विंडोजबरोबर फुकट देऊ केला. समोरचा दुकानदार जो माल फुकट वाटतो तो विकून पोट भरणे किती दिवस चालणार? याबद्दल १९९८ च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला आणि मक्तेदारीचा आरोप कोर्टात सिद्धही झाला. पण तोवर नेटस्केपचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

२२ जानेवारी १९९८ रोजी नेटस्केपने जाहीर केले की, ब्राउझर तर फुकट देऊच, शिवाय त्याची मूळ आज्ञावलीही सर्वांना उघडी करू. याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. आम्ही ज्या कारखान्यात उमेदवारी केली तेथे यंत्राचे ड्रॉइंग फोरमनच्या कपाटात कुलूपबंद असे. यंत्र चालवावे आम्ही, बिघडले तर शिव्या खाव्यात आम्ही, पण ते आतून कसे आहे हे पाहण्याची मुभा नाही. मूळ आज्ञावली हे ते ड्रॉइंग होय. नेटस्केपने कपाट उघडून किल्ली रस्त्यावर ठेवली.

ठेवण्यापूर्वी मात्र दोन महिने रात्रंदिवस काम करावे लागले. त्या आज्ञावलीत इतर कंपन्यांचे तुकडे होते. त्यांची परवानगी मिळाली नाही तर ते उपटून काढायचे. गुप्तलेखनाचा भाग अमेरिकेच्या निर्यात कायद्यामुळे काढावा लागला. (तो भाग ऑस्ट्रेलियातील काही मंडळींनी लगोलग नव्याने बसवून दाखवला, हे ऐकून आम्ही मनापासून हसलो.) शेवटी ३१ मार्च १९९८ रोजी सारे बाहेर पडले. या उद्योगाचे नाव मोझिला.

येथे करारनाम्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्यासारख्या माणसाची नजर आधी तिकडे जाते. परवान्याचा मसुदा मिचेल बेकर या कंपनीच्या वकीलबाईंनी लिहिला. तो लोकांपुढे टीकेसाठी ठेवला गेला, तेव्हा आक्षेप आला की इतरांच्या कामावर नेटस्केपला जादा हक्क का? त्यावर तोडगा निघाला तो असा. जुन्या आज्ञावलीला कंपनीचे खास हक्क राखणारा एक परवाना, आणि नव्या कामासाठी दुसरा, ज्यात सर्वांना सारखे हक्क. ज्या फायलीत तुम्ही बदल करून वाटाल ती फाईल तुम्हीही उघडी ठेवली पाहिजे, एवढी अट. संपाशिवाय मालकाकडून असे कलम मिळालेले आम्ही आमच्या कारकिर्दीत पाहिलेले नाही.

आता कोणी समजेल की दार उघडताच जग कामाला धावले. तसे झाले नाही. १९९८ च्या ऑक्टोबरात असे ठरले की पाने मांडणारे जुने इंजिन टाकून नवे लिहायचे, म्हणजे बरेचसे पुन्हा पहिल्यापासून. नोव्हेंबरात एओएल कंपनीने नेटस्केप विकत घेण्याचा करार केला. बरोबर वर्षाने, मार्च १९९९ अखेर, या कामातले एक आघाडीचे गृहस्थ जेमी झाविन्स्की यांनी राजीनामा दिला. बाहेरचे लोक अपेक्षेइतके आले नाहीत आणि वर्षभरात लोकांच्या हाती देण्याजोगे काही निघाले नाही, ही त्यांची तक्रार खरीच होती. १.० ही आवृत्ती निघाली ती ५ जून २००२ ला. चार वर्षे! गिरणीमालक असता तर साचेखात्याला केव्हाच टाळे लागले असते.

मग या चार वर्षांत लोक टिकले कशाने? आमच्या मते कामाच्या शिस्तीने. प्रत्येक दोषाला नंबर मिळे आणि त्याची नोंद सर्वांपुढे राही. कोणी दुरुस्ती पाठवली की त्या विभागाचा जबाबदार माणूस ती ओळीओळीने तपासी, चुका दाखवून परत करी. दुरुस्ती पाठवणारा पगारी की बिनपगारी, इंजिनियर की शाळकरी पोर, हे विचारले जात नसे. यंत्रे सारखी सर्व आज्ञावली नव्याने बांधून पाहत. कोणाच्या बदलाने बांधणी मोडली की फळ्यावर लाल रंग, आणि तो निस्तरेपर्यंत इतरांना आपले काम आत घालता येत नसे. पहाऱ्याला पाळीपाळीने एक 'शेरीफ' असे. वाचताना आम्हांला आमची पाळी बदलण्याची वेळ आठवली. आधीच्या पाळीने केलेला घोळ पुढच्या पाळीच्या माथी मारायचा नाही, हा तोच नियम.

मिचेल बेकर यांना २००१ मध्ये नोकरकपातीत घरी पाठवण्यात आले. त्यांनी मोझिलाचे काम तसेच, बिनपगारी, चालू ठेवले. १५ जुलै २००३ रोजी एओएलने ब्राउझरचा विभागच बंद केला. त्याच दिवशी मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली. एओएलने निरोपादाखल वीस लाख डॉलर देऊ केले. आमच्याकडे गिरणी बंद पडली की साचे भंगारात जात आणि कामगार दारात उभा राही. येथे मालक गेला तरी अवजार कामगारांच्या हातात राहिले, कारण परवाना आधीच लिहिलेला होता.

दरम्यान डेव्ह हायट, ब्लेक रॉस प्रभृती तरुणांनी एक सुटसुटीत ब्राउझर बाजूला चालवला होता. नावाच्या भांडणांमुळे तो 'फिनिक्स'चा 'फायरबर्ड' आणि 'फायरबर्ड'चा 'फायरफॉक्स' झाला. ९ नोव्हेंबर २००४ रोजी त्याची १.० आवृत्ती निघाली. डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात आली, ती वर्गणीतून. त्यात सुमारे दहा हजार वर्गणीदारांची नावे बारीक टायपात छापली होती. फायरफॉक्स मराठीतही मिळतो, आणि त्यातले मराठी शब्द स्वयंसेवकांच्या हातचे आहेत.

बिनपगारी कामाचे कौतुक आम्ही जपूनच करतो. फुकट राबणाऱ्याच्या खांद्यावर बसून दुसरा कोणी पैसे करतो, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. मोझिलाचेही मुख्य उत्पन्न गूगलसारख्या शोध-कंपन्यांकडून येत राहिले, आणि २००८ मध्ये गूगलने स्वतःचा क्रोम काढल्यावर फायरफॉक्सचा वापर पुढे ओसरत गेला. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे अडीचशे माणसे कमी केली. परवान्याने आज्ञावली राखली, नोकऱ्या राखल्या नाहीत. त्यांत सर्व्हो नावाचे नवे इंजिन बांधणारी मंडळीही होती. ते इंजिन नोव्हेंबर २०२० मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले. मध्ये काही काळ काम मंदावले, पुढे २०२३ पासून दुसऱ्या हातांनी ते पुन्हा जोमाने हाती घेतले.