फ्रिजच्या दारावरची जाहिरात

फ्रिजचे काम काय? पाचवीतला विद्यार्थीही सांगेल, अन्न थंड ठेवणे आणि नासू न देणे. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅमसंग कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या काही फ्रिजना आणखी एक काम लावून दिले. या फ्रिजच्या दारावर टीव्हीसारखा पडदा असतो आणि फ्रिज इंटरनेटला जोडलेला असतो. पडदा कोणी वापरत नसताना त्यावर जाहिराती दाखवण्याचा प्रयोग कंपनीने जाहीर केला. हे फ्रिज लोकांनी दीड-दोन हजार डॉलर किंवा त्याहूनही अधिक मोजून घरी आणलेले होते. त्यांच्या आज्ञावलीत दूरवरून बदल झाला आणि दारावर जाहिरात उमटू लागली.

ही घटना नवी वाटली, तरी तिच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात दोन धागे आहेत. एक, घरातल्या यंत्रातून येणाऱ्या जाहिरातीचा. दुसरा, यंत्रे जाळ्याला जोडण्याचा. हे दोन्ही धागे आपण क्रमाने पाहू.

दिवाणखान्यातला आवाज

२८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ या रेडिओ केंद्रावरून जॅक्सन हाइट्स भागातल्या सदनिकांची माहिती देणारे दहा मिनिटांचे भाषण झाले. क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या बांधकाम कंपनीने त्यासाठी पैसे मोजले होते. रेडिओवरची पहिली विकत घेतलेली जाहिरात म्हणून तिचा उल्लेख होतो. हे केंद्र टेलिफोन कंपनीचे होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. टेलिफोनवर बोलणारा जसा वेळेचे पैसे देतो, तसे प्रक्षेपकावरून बोलणाऱ्यानेही द्यावेत, असा तिचा साधा हिशेब होता.

त्याच वर्षी अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनी रेडिओसारखे सेवेचे साधन जाहिरातींच्या बडबडीत बुडू देणे अकल्पनीय आहे, असे मत मांडले होते. पण मूळ अडचण तांत्रिक होती. रेडिओलहरी सर्वत्र पसरतात, त्या कोणी पकडल्या हे प्रक्षेपकाला कळत नाही. मग श्रोत्याकडून पैसे घ्यायचे कसे? ब्रिटनने १९२२ मध्येच वार्षिक दहा शिलिंगांचा परवाना काढून बीबीसीचा खर्च भागवला. अमेरिकेने जाहिरातीचा मार्ग धरला. तिथल्या १९३० च्या दशकातल्या मालिकांना साबण कंपन्यांचा आश्रय असल्यामुळे ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही त्यांतली प्रमुख कंपनी. १ जुलै १९४१ रोजी बेसबॉलच्या सामन्याआधी बुलोव्हा घड्याळांची दहा सेकंदांची जाहिरात अमेरिकन टीव्हीवर झळकली. तिचा खर्च होता अवघा नऊ डॉलर.

आपल्या देशाने दोन्ही मार्ग चोखाळले. रेडिओला लायसन लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून विविधभारतीवर जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे विविधभारतीवर हा अनुभव प्रथम महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना आला. दूरदर्शनवर त्या १९७६ मध्ये आल्या.

या सर्व काळात दोन गोष्टी कायम होत्या. जाहिरातीच्या बदल्यात श्रोत्याला गाणी, नाटके, बातम्या मिळत होत्या. आणि रेडिओ-टीव्हीचा संच फक्त बोलत होता, ऐकत नव्हता.

जाळ्यात आलेली यंत्रे

दुसरा धागा सुरू होतो तो विद्यार्थ्यांच्या आळसातून. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात शीतपेयाच्या यंत्रापर्यंत चालत जावे आणि बाटल्या संपलेल्या किंवा कोमट निघाव्यात, असे वारंवार होई. म्हणून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या संगणकवाल्यांनी ते यंत्र संगणकाला जोडले. कोणत्या रांगेत बाटल्या आहेत आणि त्या थंड होण्याइतका वेळ आत आहेत का, हे बसल्या जागी कळू लागले.

१९९० मध्ये जॉन रॉमकी यांनी ‘इंटरॉप’ प्रदर्शनात इंटरनेटवरून चालू-बंद करता येणारा टोस्टर दाखवला. पाव मात्र हातानेच घालावा लागे. पुढच्या वर्षी त्यासाठी छोटी यारी बसवली गेली. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठात कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला गेला. भांडे भरले आहे की रिकामे, एवढेच तो सांगे. १९९३ पासून ते चित्र जगभर दिसू लागले आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला.

१९९९ मध्ये केव्हिन ॲश्टन यांनी ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’, म्हणजे वस्तूंचे जाळे, हा शब्दप्रयोग एका सादरीकरणाच्या शीर्षकात वापरला. ते सादरीकरण झाले प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्येच! पुढच्याच वर्षी एलजी कंपनीने इंटरनेटला जोडलेला फ्रिज बाजारात आणला. तो फारसा खपला नाही.

या प्रयोगांत माहिती यंत्राकडून वापरणाऱ्याकडे जात होती, आणि वापरणाऱ्यालाच ती हवी होती.

गाठ कशी पडली?

पुढे पडदे आणि जाळ्याला जोडणाऱ्या चिप स्वस्त झाल्या. टीव्हीच्या किमती उतरल्या, तसा विक्रीतला नफाही आटला. मग विकल्यानंतरही संचाने कमावत राहावे, हा विचार पुढे आला.

अमेरिकेतील व्हिझिओ कंपनीचे प्रकरण उद्बोधक आहे. तिचे टीव्ही पडद्यावरील निवडक बिंदूंचे रंग ठरावीक अंतराने टिपत. एका फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. पण ओळख पटवायला त्यांतले थोडेच पुरतात, जसा माणूस ओळखायला अंगठ्याचा ठसा पुरतो. हा ‘ठसा’ कंपनीकडे जाई, साठवलेल्या कार्यक्रमांच्या ठशांशी ताडला जाई, आणि घरात काय पाहिले जात आहे ते कळे. प्रेक्षकांची संमती न घेता सुमारे १ कोटी १० लाख संचांतून ही माहिती गोळा केल्याचा आरोप होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. विद्यार्थ्यांना भागाकार करायला सांगावा: दर संचामागे वीस सेंट! २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत या कंपनीचा जाहिराती व माहितीपासूनचा ढोबळ नफा संचविक्रीच्या नफ्याच्या दुपटीहून अधिक होता. २०२४ मध्ये वॉलमार्ट या बड्या दुकानदाराने ती कंपनी विकत घेतली.

गुगलने अमेरिकेच्या रोखे आयोगाला डिसेंबर २०१३ मध्ये लिहिलेल्या पत्रात फ्रिज, मोटारींचे डॅशबोर्ड, तापमाननियंत्रक, चष्मे व घड्याळे यांवर काही वर्षांत जाहिराती दिसू शकतील असे म्हटले होते. गवगवा झाल्यावर ही आपली योजना नाही, असा खुलासाही केला. एप्रिल २०१७ मध्ये बर्गर किंगच्या एका टीव्ही जाहिरातीतल्या माणसाने गुगलच्या बोलक्या यंत्राला उद्देशून प्रश्न विचारला, आणि घराघरांतली यंत्रे त्या बर्गरची माहिती सांगू लागली. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला बोलते केले. घरातल्या माणसाला कोणी विचारलेच नाही.

मुद्दा मालकीचा

आमच्या मते जाहिरात येण्यापेक्षा तिच्यामागचा करार बदलणे अधिक महत्त्वाचे आहे. २०११ मध्ये ॲमेझॉनने जाहिरातींसह किंडल ११४ डॉलरला आणि जाहिरातींविना १३९ डॉलरला विकले. इथे सौदा उघड होता: पंचवीस डॉलरच्या बदल्यात जाहिराती, निवड ग्राहकाची. फ्रिजच्या बाबतीत किंमत आधीच पूर्ण दिलेली होती आणि अट नंतर आली. जाहिरात बाजूला सारता येते, पडद्यावर चित्रे लावून ठेवली तर ती दिसत नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे. तेही खरे. परंतु वस्तू घेतल्यानंतर तिने काय करावे हे ठरवणार कोण, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

जाळे तोडून टाका, हे उत्तरही पुरेसे नाही. ज्या वाटेने जाहिरात येते, त्याच वाटेने सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही येतात. वाट बंद करण्यापेक्षा तिच्यावरून काय यावे याचे नियम हवेत.

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे हा कायदा म्हणतो. विकलेल्या वस्तूच्या पडद्यावर मागाहून जाहिरात लावता येईल का, हा प्रश्न मात्र त्यात नाही.

शिक्षक मित्रहो, हा विषय वर्गात सहज घेता येईल. जाळ्याला जोडलेल्या एखाद्या वस्तूविषयी विद्यार्थ्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे घरून शोधून आणावीत. ती काय काय मोजते? ते कोणाला कळवते? जाळे बंद केले तर तिचे मूळ काम चालू राहते का? टीव्हीच्या सेटिंगमध्ये संमतीची खूण आधीच केलेली आहे का, तेही पाहावे.

१९२२ साली एकच तंत्र हाती असताना ब्रिटन आणि अमेरिका यांनी वेगळे मार्ग निवडले. रेडिओलहरींनी तो निर्णय घेतला नव्हता, तो लोकांनी आणि त्यांच्या सरकारांनी घेतला. फ्रिजच्या दाराबाबतही तो आपल्यालाच घ्यावा लागेल, आणि तो घेणारे नागरिक आज आपल्या वर्गात बसलेले आहेत.