दंतवेदना, कर्मविपाक आणि बुद्धवचन

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत दाढेच्या ठणक्याने रात्र रात्र तळमळणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. हिरडीवर तंबाखूची मिसरी दाबायची, चुना लावायचा, लवंग चावायची आणि तरीही ठणका थांबला नाही तर ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणून सोसायचे, असा हा क्रम आहे. उपचाराचा मार्ग अडवण्यात दारिद्र्याइतकाच या समजुतीचाही वाटा आहे. म्हणून या समजुतीला पालि वाङ्मयाच्या आणि वैद्यकाच्या इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भगवान बुद्धांनी देहाच्या व्याधींकडे कधीही डोळेझाक केली नाही. अंगुत्तर निकायातील गिरिमानंद सुत्तात रोगांची जी यादी येते, तीत मुखरोगाबरोबर दंतरोगाचाही स्पष्ट उल्लेख आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिलेली आढळते. दंतकाष्ठ न वापरल्याने तोंडाला दुर्गंधी येते, रुचीच्या वाहिन्या शुद्ध होत नाहीत, अन्न गोड लागत नाही, अशी कारणे तेथे दिली आहेत. काष्ठाची लांबीही ठरवून दिली आहे : आठ अंगुळांहून अधिक नको आणि चार अंगुळांहून कमी नको. आखूड काडी एका भिक्खूच्या घशात अडकली, म्हणून हा दुसरा नियम झाला. अनुभव आला की नियम सुधारायचा, ही विनयाची पद्धती येथे दिसते. पुढे सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग यानेही दंतकाष्ठाच्या प्रथेचे सविस्तर वर्णन केले आहे.

याहून मोलाचा पुरावा संयुत्त निकायात आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोलियसीवक नावाचा परिव्राजक तथागतांकडे आला. माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणाऱ्यांविषयी आपले मत काय, असा त्याचा प्रश्न होता. तथागतांनी वेदनेची आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा सन्निपात, ऋतुपालट, विषम परिहार म्हणजे शरीराची अयोग्य निगा, बाहेरून झालेला आघात आणि आठवा कर्मविपाक. ही आठही कारणे स्वतःच्या अनुभवाने कळण्याजोगी आहेत व लोकांतही मान्य आहेत. म्हणून सर्व वेदनांचे खापर पूर्वकर्मावर फोडणारे मर्यादा ओलांडतात, असा निर्वाळा त्यांनी दिला. किडलेली दाढ म्हणजे विषम परिहार आणि पडून मोडलेला दात म्हणजे आघात, हे ओळखण्यास पांडित्य लागत नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची जी कठोर चिकित्सा केली, तिचे मोल अशा साध्या दुखण्यातही कळते.

दुसरा अडसर भीतीचा आहे. वरची दाढ काढली की डोळे जातात, असे आमच्याकडे आजही सांगितले जाते. याचे मूळ प्राचीन ग्रंथांत सापडते. सुश्रुतसंहितेने वरचा दात हलत असला तरी काढू नये, अतिरक्तस्रावाने अंधत्व येते, असे म्हटले आहे. त्या काळी रक्त थांबवण्याची साधने तोकडी होती, म्हणून ती सावधगिरी समजण्यासारखी आहे. परंतु दातांची संवेदना वाहणारी मज्जातंतू आणि दृष्टीची मज्जातंतू या दोन निरनिराळ्या आहेत, हे शरीरशास्त्राने दाखवून दिले आहे. वेदनेच्या भीतीवरही उपाय निघाला. 1844 मध्ये अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी दात काढताना भूल देणाऱ्या वायूचा प्रयोग केला. 1943 मध्ये स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले आणि तेवढाच भाग बधिर करणे सुलभ झाले.

तिसरी समजूत दातातील किड्याची आहे. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडात धुरी घेतात आणि पाण्यात पडलेले पांढरे कण किडे म्हणून दाखवतात. ते कण बियांचेच असतात. 1728 मध्ये फ्रेंच दंतवैद्य पिअर फोशार यांनी किड्याची कल्पना नाकारली. 1890 मध्ये विलोबी मिलर यांनी तोंडातील सूक्ष्मजंतू साखर व पिष्ट पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात झिजवते, हे मांडले.

ही झीज दाताच्या गाभ्यातील मज्जेपर्यंत पोहोचली की मज्जेला सूज येते. सभोवती कठीण भिंती असल्याने सुजेला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि आडवे झाल्यावर ठणका अधिकच वाढतो. काही दिवसांनी मज्जा मरते व दुखणे एकाएकी थांबते. लोक यालाच गुण आला असे समजतात. प्रत्यक्षात जंतुसंसर्ग मुळाशी हाडात चालूच असतो. खालच्या दाढेचा संसर्ग गळ्यापर्यंत पसरला तर श्वास कोंडून प्राणही जाऊ शकतो. मृत मज्जा काढून मुळाची पोकळी स्वच्छ करून भरणे, किंवा दात काढणे, हाच खरा उपचार होय. हिरडीवर वेदनाशामक गोळी ठेवल्याने मात्र हिरडी भाजते.

आघाताची गोष्ट वेगळी. तेथे वेळेला महत्त्व आहे. पक्का दात समूळ निखळला तर तो मुळाला स्पर्श न करता वरच्या बाजूने धरावा. माती लागली असल्यास क्षणभर धुऊन तो खाचेत परत बसवावा. ते न जमल्यास दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. मार लागलेला दात पुढे काळपट पडला, तर आतील मज्जा मेल्याची शक्यता असते.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या मराठवाड्याला आधुनिक उपचारासाठी हैदराबादकडे पाहावे लागे. देशात दंतवैद्यकाचे नियमन करणारा कायदाही त्याच वर्षी झाला. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1982 मध्ये शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. पुढे नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांतही दंत महाविद्यालये उभी राहिली. आजोबांच्या पिढीला जे दुर्लभ होते, ते आज एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आले आहे. ज्या मजुराची एका दिवसाची मजुरी बुडते त्याला हा प्रवासही जड जातो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच त्याच्या मार्गातील निदान मनाचा अडसर तरी दूर व्हावा. विहारात वर्षावासातील ग्रंथवाचनाला जमणाऱ्या उपासक-उपासिकांनी सीवकाचा हा प्रश्न आणि तथागतांचे उत्तर शेजारच्या घरी पोहोचवले, तर एखादी माउली सोसत बसण्याऐवजी दवाखान्याची वाट धरील.