बीटा-ग्लोबिन जनुक

बीटा-ग्लोबिन जनुक हे मानवाच्या ११ व्या गुणसूत्रावरील एक जनुक असून रक्तातील हीमोग्लोबिन या प्राणवायुवाहक प्रथिनाची बीटा शृंखला घडवण्याचा आराखडा त्यात साठवलेला असतो. जनुकापासून प्रथिन कसे तयार होते आणि उत्परिवर्तनाने त्यात काय बिघडते, हे स्पष्ट करण्यासाठी याच जनुकाचे उदाहरण बहुधा दिले जाते. त्यातील एका उत्परिवर्तनामुळे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार होतो. महाराष्ट्रात विदर्भ व खानदेश यांप्रमाणेच पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजातही तो आढळतो.

जनुकापासून प्रथिनापर्यंत

डीएनएचा रेणू अडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार घटकांच्या ओळीने बनतो. या घटकांना सोयीसाठी ‘अक्षरे’ म्हटले जाते. बीटा-ग्लोबिन जनुकाची लांबी सुमारे १,६०० अक्षरांची आहे. जनुकाच्या प्रती शरीरातील केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत असतात, परंतु अस्थिमज्जेतील रक्तपेशींच्या पूर्वपेशी वगळता इतरत्र ते जवळजवळ निष्क्रिय असते.

पहिली पायरी प्रतिलेखनाची. केंद्रकात डीएनएची दुपदरी साखळी जनुकाच्या जागी उलगडते आणि एका पदराच्या आधारे आरएनएची प्रत तयार होते. या प्रतीत थायमिनच्या जागी युरॅसिल येते. कच्च्या प्रतीत अर्थपूर्ण असे तीन भाग असतात व त्यांच्यामध्ये दोन निरर्थक तुकडे. हे दोन तुकडे कापून काढून उरलेले तीन भाग सांधले की संदेशवाहक आरएनए तयार होतो आणि तो केंद्रकाबाहेर पडतो.

दुसरी पायरी अनुवादनाची. ‘अनुवादन’ हा शब्द येथे नेमका आहे, कारण चार अक्षरांच्या लिपीतील मजकूर वीस अमिनो आम्लांच्या लिपीत उतरवला जातो. रायबोसोम हा पेशीतील सूक्ष्म घटक संदेश तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचतो. अशा गटाला संकेतत्रयी किंवा कोडॉन म्हणतात. एकूण ६४ संकेतत्रयी संभवतात. त्यांपैकी ६१ अमिनो आम्ले दर्शवतात व तीन ‘थांबा’ अशी सूचना देतात. वाहक आरएनएचे रेणू प्रत्येक त्रयीला अनुरूप अमिनो आम्ल आणून देतात आणि साखळी एकेका मण्याने वाढत जाते. या संकेतलिपीचा उलगडा १९६० च्या दशकात झाला. त्याबद्दल मार्शल निरेनबर्ग, रॉबर्ट हॉली आणि अविभाजित पंजाबात जन्मलेले हरगोविंद खोराना यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पूर्ण झालेल्या बीटा शृंखलेत १४६ अमिनो आम्ले असतात. दोन बीटा आणि दोन अल्फा शृंखला मिळून हीमोग्लोबिनचा एक रेणू होतो. एका तांबड्या रक्तपेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. पक्व तांबड्या पेशीत केंद्रक उरत नाही, त्यामुळे अस्थिमज्जेत जे प्रथिन तयार झाले त्यावरच ती पेशी सुमारे १२० दिवसांचे आयुष्य काढते. प्रथिन सदोष असेल तर ते बदलण्याची सोय तिच्यापाशी नसते.

उत्परिवर्तन कसे उद्भवते

पेशी विभागण्यापूर्वी डीएनएची नक्कल होते. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या असतात. इतकी मोठी नक्कल करताना चुका होतातच. त्यांपैकी बहुतेक चुका पेशीतील दुरुस्ती यंत्रणा सुधारते व थोड्या शिल्लक राहतात. प्रत्येक नवजात बालकात आईवडिलांपैकी कोणाकडेही नसलेली काही डझन नवी उत्परिवर्तने असतात आणि त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. याशिवाय अतिनील किरणे, तंबाखूच्या धुरातील काही रसायने व आयनकारी प्रारण यांनीही डीएनएला इजा होते. क्ष-किरणांनी उत्परिवर्तने घडतात हे हर्मन मुलर यांनी फळमाशीवर प्रयोग करून १९२७ मध्ये दाखवले. याच तत्त्वाचा उपयोग करून ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाचे सुधारित वाण विकसित केले.

शरीरपेशीतील उत्परिवर्तन त्या व्यक्तीपुरतेच राहते. अंडपेशीतील किंवा शुक्रपेशीतील उत्परिवर्तन मात्र पुढील पिढीत उतरू शकते.

सहाव्या स्थानावरील बदल

बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल असते. त्याची संकेतत्रयी ग्वानिन-अडेनिन-ग्वानिन अशी आहे. मधल्या अडेनिनच्या जागी युरॅसिल (मूळ जनुकात थायमिन) आले की त्रयी व्हॅलिनची होते. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युत्प्रभार असतो व त्याचा पाण्याशी मेळ असतो. व्हॅलिन पाणी टाळते. परिणामी प्राणवायू सोडलेल्या अवस्थेत हीमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि लवचीक, चकतीसारखी पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे तीव्र वेदना होतात. त्या १० ते २० दिवसांतच नष्ट होत असल्याने रक्तक्षयही होतो.

विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दोष हीमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले आणि पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो एकाच अमिनो आम्लाचा असल्याचे सिद्ध केले.

याच त्रयीतील शेवटचे ग्वानिन बदलून अडेनिन झाले, तर काहीच बिघडत नाही, कारण ती त्रयीही ग्लुटामिक आम्लाचीच आहे. आठव्या व नवव्या त्रयींच्या दरम्यान एक जादा ग्वानिन शिरले, तर पुढचे सारे वाचन सरकते व प्रथिन निरुपयोगी ठरते. भारतातील बीटा-थॅलेसेमियाचे एक कारण हे आहे. भारतात सर्वाधिक आढळणारे थॅलेसेमियाचे उत्परिवर्तन तर कापून टाकल्या जाणाऱ्या पहिल्या निरर्थक तुकड्यात आहे. त्यामुळे सांधणी चुकते. ‘निरर्थक’ हे विशेषण म्हणूनच बेताने वापरावे लागते.

पालघर जिल्ह्यात

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू व तलासरी या तालुक्यांत वारली, कोकणा, कातकरी, धोडिया आदी जमातींची मोठी वस्ती आहे. येथील आदिवासी समाजात सिकलसेलचे वाहक व रुग्ण दोन्ही आढळतात. ज्याच्याकडे जनुकाची एकच प्रत सदोष असते त्या वाहकाला मलेरियाच्या तीव्र स्वरूपापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. जंगलपट्टीत, जेथे मलेरियाचा उपद्रव पिढ्यान्‌पिढ्या होता, तेथे हे उत्परिवर्तन टिकून राहण्याचे कारण तेच मानले जाते.

जिल्ह्यातील तारापूर येथे अणुविद्युत केंद्र व बोईसरलगत मोठी रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे ‘उत्परिवर्तन’ म्हणताच त्यांची आठवण होणे स्वाभाविक असले, तरी सिकलसेलचा त्यांच्याशी संबंध नाही. तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. भारतात निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेलची नोंद १९५२ मध्येच झाली होती आणि हे उत्परिवर्तन हजारो वर्षे जुने आहे. आजच्या रुग्णात ते नव्याने घडलेले नसते, ते आईवडिलांकडून आलेले असते.

दोघेही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोष मुळीच न येण्याची २५ टक्के असते. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप’ हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी शक्यता तितकीच राहते.

निदान व उपचार

विद्राव्यता चाचणीने सदोष हीमोग्लोबिन आहे एवढेच कळते. वाहक कोण व रुग्ण कोण हे विद्युतकणसंचलन किंवा एचपीएलसी तपासणीनेच ठरते. मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत गर्भावस्थेतील निदानही केले जाते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील प्रकारचे हीमोग्लोबिन वाढते व वेदनांचे झटके कमी होतात. जनुक संपादनावर आधारित पहिल्या उपचारास ब्रिटन व अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळाली, मात्र तो अत्यंत खर्चिक आहे. भारतात राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली.

शरीरातील पाणी कमी होणे, थंडी आणि अतिश्रम यांनी झटके येतात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामाला स्थलांतर करतात. तेथे ही तिन्ही कारणे एकत्र येतात आणि गावच्या आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या औषधांत खंड पडतो.