चाकाची झीज आणि रबराचे वय

ज्या काळी महाराष्ट्रातील बहुतेक वाहतूक बैलगाडीवर चालत असे, त्या काळी चाकाच्या भरवशाची जबाबदारी सुतार आणि लोहार या दोन बलुतेदारांवर असे. सुताराने बाभळीचा तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून चाक उभे करावे आणि लोहाराने त्यावर लोखंडाची धाव चढवावी, असा शिरस्ता होता. जमिनीवर वर्तुळाकार रचलेल्या गोवऱ्यांच्या आरात धाव लाल होईपर्यंत तापवीत, दोघेतिघे मिळून सांडशींनी उचलून ती चाकावर बसवीत, लाकूड धुमसू लागताच चहूबाजूंनी पाणी ओतीत. आणि निवता निवता आकुंचन पावणारे ते लोखंड चाकाचे सारे सांधे असे आवळून टाकी की, पुढे वर्षानुवर्षे ते ढिले होऊ नयेत. ऐन उन्हाळ्यात लाकूड सुकून आटले म्हणजे धाव सैल होई व खडखडू लागे. मग गाडीवान चाके ओढ्याच्या पाण्यात भिजत घाली किंवा पाचरी ठोकून वेळ मारून नेई. या चाकाचा एक मोठा गुण असा होता की, त्याचे म्हातारपण डोळ्यांना दिसत असे आणि कानांना ऐकू येत असे. धाव पातळ झाली म्हणजे चाक जुने झाले, आणि धाव जाड आहे तोवर चाक धडधाकट आहे, हा हिशेब सरळ होता व बव्हंशी खराही होता.

रबर आले आणि हा हिशेब खोटा ठरला. परंतु तो खोटा ठरल्याची जाणीव मनुष्याला व्हावयास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ती आजही पुरती झाली आहे असे म्हणवत नाही.

रबर हा मुळात एका वृक्षाचा चीक. उष्णतेने चिकट होणारा आणि थंडीने कडक होणारा हा पदार्थ व्यवहारात निरुपयोगीच ठरला असता. पण अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली गंधकाबरोबर तो तापवला असता त्याला स्थिर व लवचीक रूप येते असे आढळले. ही व्हल्कनीकरणाची क्रिया कारखान्यात आपण थांबवतो अशी समजूत असते. वास्तविक ती पूर्णपणे कधीच थांबत नाही. तयार झालेल्या रबरात ती उष्णतेच्या साहाय्याने मंदपणे चालूच राहते, आणि हवेतील प्राणवायू त्याच वेळी त्याच्या लांबलचक रेणूंचे धागे तोडीत असतो. म्हणजे टायर साच्यातून बाहेर पडतो त्या दिवसापासूनच त्याचे वय मोजले जाऊ लागते, मग तो रस्त्यावर धावो अथवा दुकानाच्या माळ्यावर पडून राहो.

स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम टॉमसन याने १८४५ सालीच हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते. परंतु तेव्हा ना सायकलीचा प्रसार होता, ना मोटारीचा जन्म, त्यामुळे ते पेटंट दफ्तरात पडून राहिले. पुढे बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने १८८७ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे शोधून काढली, आणि १८९५ साली मिशेलिन बंधूंनी पॅरिसहून बोर्डोपर्यंत जाऊन परतण्याच्या शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार पळवून दाखवली. वाटेत त्यांना पुनःपुन्हा ट्यूबा बदलाव्या लागल्या. त्या पहिल्या पिढीच्या टायरांची स्थिती अशीच होती. आतील कापडाचे आडवे-उभे धागे एकमेकांवर घासून तुटत, घोड्यांच्या नालांचे गळून पडलेले खिळे त्यांत शिरत, आणि काही हजार मैलांच्या आतच टायर टाकून द्यावा लागे. बालपणीच मरणाऱ्याला वार्धक्याची चिंता कशाची? वयाचा प्रश्न त्या काळच्या कारागिरांपुढे उभाच राहिला नाही, यात त्यांचा दोष नव्हता.

तो प्रश्न उभा केला तो टायराच्या उत्कर्षाने. आरंभीचे टायर पांढुरके असत. १९०४ च्या सुमारास इंग्लंडमधील सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात असे आढळले की, रबरात काजळी मिसळली असता ते कितीतरी अधिक चिवट होते, आणि पुढील दशकात टायर काळे झाले ते कायमचे. कापडाच्या जागी एकमेकांना न घासणारे दोऱ्यांचे थर आले, सुताच्या जागी रेयॉन व नायलॉन आले, आणि १९४६ साली मिशेलिन यांनी पेटंट घेतलेल्या रेडियल टायराने तर पोलादी तारांचा पट्टा आत घालून टायराचे आयुष्य पूर्वीच्या अनेक पटींनी वाढवले. झीज जसजशी मंदावत गेली, तसतसे वय उघडे पडत गेले. ज्या गाडीचा टायर पन्नास हजार किलोमीटर चालू शकतो, ती गाडी वर्षाला दोनतीन हजारच किलोमीटर फिरत असेल, तर दहा वर्षांनंतरही तिच्या टायराची नक्षी शाबूत दिसणार. आणि नक्षी शाबूत म्हणजे टायर शाबूत, हा धावेच्या काळचा जुना हिशेब मनात घट्ट बसलेला असल्यामुळे मालक निश्चिंत राहणार.

आपल्याकडे टायर बनवण्याच्या धंद्याने मूळ धरले ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. १९३६ साली हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा कारखाना सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना उभा राहिला, आणि १९५८ साली सीएट कंपनी मुंबईत स्थापन झाली. त्याच सुमारास हवेचे टायर बैलगाडीलाही लागले. लोखंडी धावेपेक्षा ओढायला हलकी, रस्ता न उखडणारी ही गाडी पश्चिम महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्यात ‘डनलॉप गाडी’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली, आणि सहकारी साखर कारखाने निघाले तसे तिचे तांडे गळीत हंगामात रस्तोरस्ती दिसू लागले. तिला पुष्कळदा मोटारीवरून उतरवलेले जुने टायर लावलेले असत. बैलाच्या चालीला ते वय खपून जाई. फुटलाच टायर, तर गाडी तिथल्या तिथे थांबे आणि फार तर मोळ्या कलंडत. पण या सोयीमुळे टाकाऊ टायर हा टिकाऊ असतो, ही समजूत मुलखात रुजली, आणि तोच टायर पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला व टेम्पोलाही चालू लागला.

या समजुतीला बळ दिले ते टंचाईने. १९४२ च्या आरंभी मलाया व सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले, त्यापाठोपाठ डच ईस्ट इंडीजही गेले, आणि जगाला रबर पुरवणारा बहुतेक मुलूख दोस्तांच्या हातून निसटला. हिंदुस्थानात टायरांवर सरकारी नियंत्रण आले. पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी धुराचे लोट सोडीत धावत होत्या, तशाच त्यांच्या चाकांवरच्या टायरांनाही जगवण्याच्या नाना तऱ्हा निघाल्या. झिजलेल्या टायरावर नवे रबर चढवून तो पुन्हा साच्यात शिजवायचा. बाजू फाटली असेल तर आतून जुन्या टायराचा तुकडा, ज्याला आमचे पंक्चरवाले आजही गेटर म्हणतात, तो लावून वर ट्यूब बसवायची. काटकसर ही त्या पिढीची निकड होती व तिच्यामागे मोठे कसब होते. लिव्हरने टायर रिमवरून उतरवून, त्याच्या पोटात हात घालून, बोटांच्या टोकांनी सबंध घेर चाचपून पाहणारा कसबी पंक्चरवाला आतला तुटका दोरा किंवा सुटलेला थर नुसत्या स्पर्शाने ओळखतो; ते ज्ञान त्याला कुठल्याही पुस्तकाने दिलेले नसते.

रबर चढवण्याचा धंदा हा फसवणुकीचा धंदा आहे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या आमच्या राज्य परिवहनाने टायरांच्या पुनःस्तरणाचे स्वतःचे प्रकल्प चालवले आहेत, आणि विमानांची चाकेही पुनःस्तरित टायरांवर धावपट्टीला टेकतात. तेथे प्रत्येक टायराच्या सांगाड्याची नोंद असते, किती वेळा थर चढला याचा दाखला असतो. भय आहे ते बेनोंद टायराचे. वरची नक्षी आजची आणि आतला सांगाडा कुणाला ठाऊक किती वर्षांचा, असा टायर खाचांची खोली मोजणाऱ्याला सपशेल चकवतो.

या म्हातारपणाची पहिली मोठी किंमत अमेरिकेने मोजली. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. धावत्या गाडीच्या टायराची वरची पट्टी पोलादी पट्ट्यापासून सुटत होती, गाड्या उलटत होत्या, आणि या अपघातांतील मृत्यूंची संख्या तेथील सरकारी यंत्रणेने अखेर २७१ इतकी नोंदवली. दोष रचनेचा व निर्मितीचा होता हे खरे; पण या घटना ॲरिझोना, टेक्सस, फ्लॉरिडा, कॅलिफोर्निया अशा उष्ण राज्यांत एकवटल्या होत्या आणि काही वर्षे वापरलेल्या टायरांत घडत होत्या, ही गोष्ट चौकशी करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली नाही. पुढे एका मोठ्या विमा कंपनीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाच उष्ण राज्यांत तिचे विमेदार २७ टक्के असता टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तेथून आलेले आढळले, आणि त्यांपैकी ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. ज्यांच्या वैशाखात नागपूर, चंद्रपूर, अकोला पंचेचाळीस अंशांपलीकडे तापतात, त्यांनी हे आकडे परक्यांचे समजू नयेत.

दुसरी घटना इंग्लंडमधील. १० सप्टेंबर २०१२ रोजी आइल ऑफ वाइट येथील संगीतोत्सवाहून तरुण प्रवाशांना घेऊन परतणाऱ्या एका बसचा पुढचा टायर सरे परगण्यातील हाइंडहेडजवळ फुटला. बस रस्ता सोडून झाडावर आदळली आणि चालकासह तिघे ठार झाले. फुटलेला टायर साडेएकोणीस वर्षांचा होता. मृतांपैकी एक तरुण अठरा वर्षांचा होता; ज्या टायराने त्याचा जीव घेतला, तो त्याच्या जन्मापूर्वीचा होता. आणि त्या टायराची नक्षी कायद्याच्या मोजमापात पुरेशी भरत होती! त्या मुलाच्या आईने हे निमूटपणे सोसले नाही. तिने वर्षानुवर्षे खासदारांचे उंबरे झिजवले, मंत्र्यांपुढे गाऱ्हाणे मांडले, आणि अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये मालमोटारी व बस यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावणे बेकायदेशीर ठरले. एका आईच्या शोकाने सरकारच्या हाती झिजेच्या मोजपट्टीसोबत वयाचा दाखला दिला, असे मी मानतो, आणि टायराच्या इतिहासात या घटनेचे स्थान डनलॉपच्या शोधाइतके मोठे आहे, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायराच्या खाचेची किमान खोली सांगितली आहे. दुचाकी व तिचाकीस ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांस १.६ मिलिमीटर. वयाची मर्यादा मात्र सांगितलेली नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. ताशी १२० किलोमीटरच्या मुभेची ती सरळ काँक्रीटची वाट, विदर्भ-मराठवाड्याचे ऊन आणि तासन्‌तास न थांबता धावणारी वाहने यांचा संयोग झाल्यावर टायर फुटण्याच्या वार्ता वारंवार येऊ लागल्या. तेव्हा परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्याची आणि गोटा झालेल्या टायरांची वाहने अडवण्याची तजवीज केली. ती स्तुत्यच आहे. परंतु येथेही डोळे शोधतात ती झीजच. वर्षातून दोनदा गावी जाणारी, एरवी सोसायटीच्या आवारात उभी असलेली मोटार या तपासणीतून सहज पार होते, आणि खरा धोका पुष्कळदा तिलाच असतो. रबराचे रक्षण व्हावे म्हणून त्यात मिसळलेली मेणे व रसायने टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरात ती तशी येत नाहीत, मग बाजूला केसासारख्या बारीक भेगा पडू लागतात, आणि त्यांवर दुकानातली काळी पॉलिश फासली की त्याही दिसेनाशा होतात. त्यात हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो, अधिक तापतो, आणि आतले जीर्ण थर एकमेकांपासून सुटतात.

अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात. टायर बनवणारे काही जण पाच वर्षांनंतर दरसाल तपासणी आणि दहा वर्षांनंतर सक्तीची निवृत्ती असे सांगतात. आमच्या परिवहन खात्याने निदान प्रवासी बस व शाळांच्या गाड्या यांच्या योग्यता प्रमाणपत्रात टायराची निर्मिती तारीख लिहून घ्यावी, एवढी मागणी अवाजवी नाही. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, एक रकाना लागतो. तोवर वाचकांनी आपल्या वाहनाजवळ वाकावे. टायराच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे ३२१९ असे दिसले तर तो टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात साच्यातून निघाला. पुष्कळदा हे आकडे आतल्या अंगाला असतात, तेव्हा गाडीखाली डोकावण्याचा आळस करू नये. नवा म्हणून विकत घेताना ते दुकानातच वाचावेत, जुना घेताना तर वाचल्यावाचून पैसे देऊच नयेत. आणि चारही चाके पाहून झाल्यावर डिकीत वर्षानुवर्षे न वापरता पडलेल्या स्टेपनीचे आकडेही वाचावेत, कारण तिचेही वय वाढतच असते.