भौतिकोपचारातील वेदना

भौतिकोपचारातील वेदना म्हणजे फिजिओथेरपीचे व्यायाम करताना किंवा त्यानंतर रुग्णाला जाणवणारे दुखणे, ओढ अथवा ठणका. दुखापत, अस्थिभंग, शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहणे यांमुळे आखडलेले सांधे व दुबळे झालेले स्नायू पुन्हा कार्यक्षम करताना काही वेदना होणे अपेक्षित असते. मात्र प्रत्येक वेदना निरुपद्रवी नसते. वेदनेच्या भीतीने व्यायाम सोडल्यास सांधा अधिक आखडतो, तर तीव्र वेदना सोसून जोर लावल्यास इजा वाढू शकते.

अपेक्षित वेदना

सवय नसलेल्या व्यायामानंतरची स्नायुदुखी साधारणतः १२ ते २४ तासांत सुरू होते, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि बहुधा आठवड्याभरात ओसरते. ताणल्या जाणाऱ्या स्नायूवर भार पडल्यास ती अधिक जाणवते. गड उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, हे याचेच उदाहरण होय. ही वेदना साठलेल्या लॅक्टिक आम्लामुळे होते, हा समज चुकीचा आहे. स्नायुतंतूंची सूक्ष्म हानी व त्यानंतरचा दाह ही तिची प्रमुख कारणे मानली जातात.

विकारानुसार फरक

गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी हालचालीस प्रारंभ केला जातो. गुडघा वाकवताना दुखते व सूज काही महिने राहू शकते. तथापि खुर्चीतून सहज उठण्यासाठी गुडघा सुमारे ९० अंश वा त्याहून अधिक वाकावा लागतो. सुरुवातीच्या आठवड्यांत सराव टाळल्यास ही क्षमता परत मिळवणे कठीण होते. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक औषध व्यायामापूर्वी घेण्याचा व नंतर कापडात गुंडाळलेल्या बर्फाने १५ ते २० मिनिटे शेकण्याचा सल्ला दिला जातो.

फ्रोझन शोल्डर या विकारात स्थिती वेगळी असते. हा विकार प्रामुख्याने ४० ते ६० या वयात उद्भवतो व मधुमेही व्यक्तींत अधिक आढळतो. त्याच्या पहिल्या, वेदनाप्रधान अवस्थेत खांदा जोराने ताणल्यास दुखणे वाढू शकते. म्हणून या काळात सहन होईल इतकीच सौम्य हालचाल केली जाते आणि वेदना उतरल्यावर ताण क्रमाक्रमाने वाढवला जातो.

वेदनेचे मोजमाप

रुग्ण आपली वेदना ० (मुळीच नाही) ते १० (असह्य) या श्रेणीत सांगतो. सर्वसाधारणपणे ३ पर्यंतची वेदना स्वीकारार्ह मानली जाते. त्यापुढील मर्यादा भौतिकोपचारतज्ज्ञ विकारानुसार ठरवतात. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत न झाल्यास व्यायामाचे प्रमाण कमी केले जाते.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास व्यायाम थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते :

• अचानक उठणारी तीव्र कळ किंवा सांध्यास एकाएकी आलेली सूज
• हातापायांत नव्याने जाणवणारा बधिरपणा, मुंग्या किंवा अशक्तपणा
• ताप, जखमेभोवती लाली किंवा जखमेतून स्राव
• पोटरीत दुखणे, सूज व उष्णता. हे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते
• छातीत दुखणे किंवा धाप लागणे; अशा वेळी तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते